सायकल सोडू नका, आधी ती तुमच्या मापाची करा

वाचकाचं पत्र

मी ४८ वर्षांची आहे. कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. शाळा-कॉलेज सगळं सायकलवर झालं. मग नोकरी लागली, स्कूटर आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. मुलगा शिकायला परदेशी गेला, त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती. गणपती झाल्यावर ती पुसली, हवा भरली आणि सुरुवात केली. पंधरा दिवसांत सोसायटीतल्या ग्रुपबरोबर खडकवासल्यापर्यंत जायला लागले. फार बरं वाटत होतं. महिनाभराने उजवा खुबा बाहेरच्या बाजूने दुखायला लागला. आता रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, सायकलवरून उतरल्यावर पहिली काही पावलं लंगडत टाकते. जांघेत दुखत नाही, पायाला मुंग्या नाहीत, कुठे पडलेही नाही. एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, इंजेक्शन घ्या नाहीतर सायकल बंद करा. मैत्रिणीने गोमुखासन करायला सांगितलं, ते रोज करते, पण त्याने जास्तच दुखतं. सासूबाई म्हणतात, या वयात हा हट्ट कशाला. मला पुढच्या आषाढीला सायकलवारीने पंढरपूरला जायचंय. सोडून देऊ का?

— एक वाचक, पुणे

प्रिय ताई,

सोडून देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी शेवटच्या तीन शब्दांत आहे. गोमुखासन मात्र आजपासून बंद करा. का ते पुढे येईलच.

तुम्ही एक फार चांगली गोष्ट केलीत. नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं आणि कुठे दुखत नाही, हे तिन्ही लिहिलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण नुसतं ‘कंबर धरलीय’ म्हणतात आणि हात कुठे ठेवतात ते बघून मला अंदाज बांधावा लागतो. खुब्याच्या दुखण्यात जागेला फार महत्त्व आहे. जांघेत दुखत असेल तर पहिला संशय सांध्यावर जातो. मागे, बसायच्या हाडापाशी दुखत असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूचा विचार करतात, आणि दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मणक्याकडे बघावं लागतं. तुमचं दुखणं बाहेरच्या बाजूला आहे. त्या कुशीवर झोपल्यावर वाढतं, जिन्यावर वाढतं आणि बराच वेळ बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांत जाणवतं. वय चाळीस ते साठच्या मधलं आणि बाई, म्हणजे हे दुखणं ज्यांना जास्त होतं त्यांच्यातच तुम्ही येता.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला जो टणक उंचवटा लागतो ना, तो मांडीच्या हाडाचाच भाग आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याचे दोन स्नायू ते धरून ठेवतात. ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस ही त्यांची नावं. त्यांच्या कंडरा, म्हणजे डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात त्या, या उंचवट्यावर येऊन चिकटतात. त्यांच्यावरून आयटी बँड नावाचा जाड पट्टा खाली गुडघ्यापर्यंत जातो. गुडघा शरीराच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेला की हा पट्टा ताणला जातो आणि खालच्या कंडरा हाडावर दाबल्या जातात. बरीच वर्षं फारसं काम न पडलेल्या कंडरांवर अचानक खूप काम आलं आणि वरून हा दाबही बसत राहिला, की त्या दुखायला लागतात. पाळी जाण्याच्या सुमाराला शरीरात जे बदल होतात त्यांचाही कंडरांवर परिणाम होतो असं मानतात.

आता गोमुखासनाचं. त्यात तुम्ही एक मांडी दुसऱ्या मांडीवरून पार पलीकडे नेता आणि तशाच बसून राहता. म्हणजे दुखऱ्या कंडरा हाडावर दाबून धरता, तेही रोज. मैत्रिणीने मायेनेच सांगितलं आणि एरवी ते आसन चांगलंच आहे, पण या दुखण्यात ते उलट काम करतं. गुडघा छातीशी घेऊन विरुद्ध खांद्याकडे ओढायचा, किंवा उभं राहून पाय कात्रीसारखे करत बाजूला वाकायचं, हे व्यायामही तसेच. ‘आखडलंय म्हणून ताणून काढते’ असं वाटणं साहजिक आहे. पण तुमचं आखडलेलं नाही, कमजोर पडलंय आणि दाबलं जातंय. त्याला ताकद द्यावी लागेल.

पत्र वाचून निदान पक्कं करता येत नाही, म्हणून घरी दोन गोष्टी करून बघा. भिंतीला एक बोट टेकवून उजव्या पायावर ३० सेकंद उभ्या राहा. बाहेरच्या उंचवट्यावर तीच ओळखीची कळ उठली, तर संशय या कंडरांवरच जातो. मग खुर्चीत बसून उजव्या पायात मोजा घाला. मोजा नेहमीसारखा घालता आला, तर सांधा खराब असण्याची शक्यता कमी. सांध्याची झीज असलेल्यांना मोजा घालणं, पायाची नखं कापणं, मांडी घालून बसणं हे आधी जड जायला लागतं. तरीसुद्धा एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्याच. एक्स-रे नॉर्मल आला हे ठीकच, पण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा दिसत नाहीत.

आता सायकल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘मुलाची सायकल’. तो तुमच्यापेक्षा चार-सहा इंच तरी उंच असणार. त्याच्या उंचीची फ्रेम, त्याने लावलेली सीट आणि त्याच्या हातांच्या मापाचं हँडल घेऊन तुम्ही खडकवासल्याला जाऊन येता, म्हणजे तीसेक किलोमीटर. त्यात दर मिनिटाला पायडल साठ-सत्तर वेळा फिरतं. सीट एक इंचाने जरी उंच असली, तरी तितक्या वेळा तुमचं कमरेचं हाड एका बाजूला खाली सरकतं, कारण पाय पुरत नाही. हे बसणाऱ्याला कळत नाही, मागून येणाऱ्याला मात्र स्पष्ट दिसतं. ग्रुपमधल्या कुणालातरी सांगा, सपाट रस्त्यावर दोन मिनिटं माझ्या मागे राहा आणि पँटच्या कमरपट्टीकडे बघा. पट्टी डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे. पायडल खाली गेल्यावर तुमच्या पायाची बोटं खाली रोखली जात असतील, तरी तेच.

सीटची उंची मोजायची एक सोपी पद्धत आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर घट्ट दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. जे उत्तर येईल तितकं अंतर क्रँक, म्हणजे ज्या दांडीच्या टोकाला पायडल असतं ती, ज्या धुरीवर फिरतो तिच्या मधोमध टेप धरून सीटच्या माथ्यापर्यंत यायला हवं. समजा तुमचं माप ७२ सेंटिमीटर आलं, तर सीट साधारण ६३.५ सेंटिमीटरवर येईल. तुम्ही सध्या दुखऱ्या अवस्थेत आहात, म्हणून त्याहून अर्धा सेंटिमीटर खालीच ठेवा. मग खात्री करून घ्या: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेलं, तर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा आणि कंबर हलता कामा नये. पायाचा चवडा पायडलवर ठेवला की मग गुडघ्यात हलकासा बाक आपोआप राहतो.

उलट टोकालाही जाऊ नका. दुकानातून नवी सायकल आणताना पुष्कळजण सीट इतकी खाली लावून घेतात की बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. सिग्नलला भीती वाटते, ते मी समजू शकते. पण मग पायडल वर आल्यावर गुडघा पोटाकडे येतो, खुबा प्रत्येक फेरीला पूर्ण मुडपतो आणि तेव्हा दुखणं जांघेत सुरू होतं. सीट योग्य उंचीवर असली की बसून पाय टेकत नाहीत, हे मान्य करूनच चालायचं. सिग्नलला सीटवरून पुढे उतरायचं, डावा पाय जमिनीवर, उजवा पायडलवर. आठवडाभर सोसायटीच्या आवारात सराव केलात की अंगवळणी पडतं.

सायकलच्या दांड्याकडेही बघा. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सपाट चपलेत उभ्या राहिलात, तर दांडा आणि तुमच्यात दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. ती राहत नसेल, तर ही फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे आणि सीट कितीही खाली केली तरी हँडल लांबच राहणार. मग तुम्ही पुढे ओणव्या होऊन चालवणार आणि कंबर वाकडी होणार. शिवाय मोठ्या दांड्यावरून टांग टाकणं हेच तुमच्या उजव्या खुब्याला रोज छळत असेल. आपण डावीकडून चढतो, म्हणजे उजवा पाय मागून उंच उचलून पलीकडे नेतो. उतरताना पुन्हा तेच, आणि तेव्हा तर पाय थकलेला असतो. तूर्त एवढं करा: चढताना सायकल स्वतःकडे चांगली कलती करा म्हणजे सीट खाली येईल, आणि पाय उडवत न नेता सावकाश ओलांडा. जवळ पायरी किंवा फुटपाथ असेल तर त्यावर उभं राहून चढा.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल, तर वारीला जायचंच आहे तर स्वतःच्या मापाची सायकल घ्या. वाकड्या, खाली उतरत्या दांड्याची, ज्याला दुकानदार ‘लेडीज सायकल’ म्हणतो, तशी गिअरची मिळते. ती घेण्यात काहीही कमीपणा नाही. क्रँकची लांबीही विचारून घ्या. साधारणपणे १७० मिलिमीटरचा क्रँक बसवलेला असतो. तुमची उंची पाच फूट एक-दोन इंच असेल तर १६५चा मागा. त्याने वरच्या बाजूला खुबा कमी मुडपतो. घरची सायकल असताना नवी कशाला, हा विचार आपल्याकडच्या बायका फार करतात. मुलाचे बूट तुम्ही रोज चालायला घातले नसते.

गिअरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ज्यांनी बिनगिअरच्या सायकलवर शाळा-कॉलेज काढलं ते सगळे सवयीने जड गिअरमध्ये चालवतात. पायाला जोर लागला की सायकल चालवल्यासारखं वाटतं. आता उलट करायचंय. पायडल हलकं ठेवा आणि पाय भराभर फिरवा. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. अठरा-वीस वेळा आला तर छान. दहा-बारा असेल तर एक-दोन गिअर हलके करा. चढाच्या पायथ्याशी पोचण्याआधीच गिअर उतरवा, जोर लावून झाल्यावर नव्हे. चालवताना गुडघे दांड्याकडे आत वळू देऊ नका, ते पायाच्या पंजाच्या रेषेतच वर-खाली व्हायला हवेत. पट्टा कंडरांना दाबतो तो गुडघा आत आल्यावरच.

हे सगळं झालं तुम्ही सीटवर असता त्या तास-दीड तासाचं. उरलेल्या वेळात या खुब्याला काय भोगावं लागतं, ते जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कुणीच बघत नाही. काउंटरवर बसताना पायावर पाय टाकता का? ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करताना सगळा भार उजव्या पायावर टाकून, कंबर बाहेर काढून उभ्या राहता का? तसं उभं राहिलं की स्नायू काम सोडून देतात आणि आपण कंडरा नि पट्ट्यावर लोंबकळत राहतो. दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा. स्कूटर डबल स्टँडला लावताना एका पायाने दाबून जोराने मागे ओढता, तेही काही आठवडे टाळा, साइड स्टँड वापरा. खोल सोफ्यात बसू नका, गुडघे कमरेच्या वर जातात. जिना चढताना कठडा धरा आणि पावलं थोडी फाकवून टाका, एका रेषेत टाकू नका. पूजेला वगैरे जमिनीवर बसून उठताना कळ येत असेल तर काही दिवस चौरंगावर बसा.

रात्रीची झोप तर सुधारलीच पाहिजे, नाहीतर बाकी सगळं करून अंगाला लागणार नाही. उजव्या कुशीवर झोपू नका हे तुम्हाला कळलंच आहे. पण डाव्या कुशीवर झोपलात तरी वरचा उजवा पाय पुढे गादीवर पडतो, गुडघा मध्यरेषा ओलांडतो आणि पहाटे दुखत जाग येते. दोन्ही पायांच्या मध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी किंवा गुंडाळलेली रजई ठेवा. नुसती गुडघ्यात ठेवलेली छोटी उशी पुरत नाही, पाऊल खाली लोंबतंच. पाठीवर झोपायची सवय असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. गादी कडक असेल तर वर गोधडी दुमडून टाका.

व्यायामाला फार काही सामान लागत नाही. पहिले दोन आठवडे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, गुडघ्यांच्या जरा वर ओढणी बांधा आणि दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला ओढणीवर हलकेच दाबा. दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जोर निम्म्यापेक्षा कमी, दुखू न देता. त्यानंतर त्याच स्थितीत कंबर सावकाश उचलायची आणि सावकाश टेकवायची. हे सोपं वाटायला लागलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. उठताना मनात तीन आकडे मोजायचे, बसताना तीन. मग भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, आरशासमोर, कमरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत ठेवून. आणि शेवटी जिन्याच्या खालच्या पायरीवर एक पाय ठेवून सावकाश चढणं-उतरणं. उभं राहून करायचे व्यायाम एक दिवसाआड करा. कंडरांना कामही लागतं आणि मध्ये सवडही. फिजिओथेरपिस्ट समोर बसून क्रम ठरवून देईल तर उत्तमच, कारण कमर नकळत कुठे झुकते ते दुसऱ्यालाच दिसतं.

इंजेक्शनबद्दल. डॉक्टरांनी सुचवलं ते चुकीचं नाही, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. पण नेमक्या याच दुखण्यावर ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला आणि तो २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०४ जणांचे तीन गट केले होते. एकाला सवयी बदलायला शिकवून व्यायाम दिला, दुसऱ्याला एक इंजेक्शन दिलं, तिसऱ्याला थोडी माहिती देऊन वाट बघायला सांगितली. आठ आठवड्यांनी ‘बरंच बरं वाटतंय’ म्हणणारे व्यायामाच्या गटात १०० पैकी ७७ होते, इंजेक्शनच्या गटात ५८, आणि वाट बघणाऱ्यांत २९. वर्षानंतरही व्यायामाचा गट पुढेच होता. म्हणून मी आधी आठ आठवडे वर सांगितलेलं मनापासून करायला सांगेन. एवढं करूनही रात्रीची झोप लागतच नसेल, तर इंजेक्शनचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करा आणि त्यासोबत व्यायाम चालू ठेवा. एक विनंती मात्र आहे. केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या आणून, त्या घेऊन राइडला जाऊ नका. बीपी, ॲसिडिटी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना त्या महागात पडतात, आणि शरीर थांबायला सांगत असतं ते ऐकू येत नाही. शेक घ्यायचा तर घ्या, बरं वाटतं. खोबरेल चोळायला हरकत नाही, फक्त त्या उंचवट्यावर जोर देऊन रगडू नका.

पुन्हा चालवायचं कसं, तर आधी दोन आठवडे ग्रुपला ‘येत नाही’ म्हणून सांगा. हे जड जाणार आहे. ग्रुपमध्ये आपण आपल्या पायांच्या नव्हे, पुढच्याच्या गतीने जातो, आणि पंधरा दिवसांत शून्यापासून खडकवासल्याला पोचलात त्याचं कारणही तेच असणार. दम आणि उत्साह लवकर परत येतो, कंडरांना महिने लागतात. सीट लावून झाली की म्हात्रे पूल ते राजाराम पूल असा डीपी रोडसारखा सपाट रस्ता पहाटे रिकामा असताना घ्या. २० मिनिटं, एक दिवसाआड, हलक्या गिअरमध्ये. राइड झाल्यावर दुखण्याला दहापैकी गुण द्या. चालवताना तीनपर्यंत चालेल, पण रात्री नेहमीपेक्षा जास्त दुखायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जिन्यावर कालच्याइतकंच किंवा कमी असायला हवं. तसं असेल तर पुढच्या आठवड्यात पाच-सात मिनिटं वाढवा. नसेल तर मागच्या आठवड्याचंच पुन्हा करा. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. तिन्ही एकदम वाढवायचे नाहीत. कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहून ठेवा. दुखणं वर-खाली होत उतरतं, एखादा वाईट दिवस आला की सगळं पाण्यात गेलं असं वाटतं, तेव्हा मागचे आकडे उपयोगी पडतात.

पुण्याहून पंढरपूर २०० किलोमीटरच्या वर आहे आणि आषाढी यायला अजून सात महिने तरी आहेत. ते पुरेसे आहेत असं मला वाटतं. तीन महिने खुब्याला द्या, मग चार महिने अंतर वाढवायला. उन्हाळ्यात लागोपाठ दोन दिवस चालवून बघायचं, कारण बहुतेक सायकलवाऱ्या मुक्काम करत जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसणं हीच खरी परीक्षा असते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या टोचून बोलत नाहीत, घाबरल्यात. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या बायका त्यांनी आजूबाजूला पाहिलेल्या असणार. त्यांना सांगा, खुब्याभोवतीचे स्नायू बळकट असले तर पडायची शक्यता कमी होते. सायकलने दम वाढतो, वजन आटोक्यात राहतं, पण हाडं बळकट व्हायला पायांवर भार यावा लागतो आणि तो सायकलवर येत नाही. म्हणून ते उभं राहून करायचे व्यायाम वारी झाल्यावरही सोडायचे नाहीत. खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सासूबाईंनाही सोबत घेऊन करा. त्यांनी हवं तर खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा.

हे पत्र असंच दुखणं असलेले आणखी कितीतरी जण वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. तुमचं दुखणं जांघेत असेल, तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. सीट फार खाली नाही ना ते बघा, पण सांध्याची तपासणीही करून घ्या. मोठ्या आजारात किंवा दम्या-संधिवातासाठी स्टेरॉइड घेतले असतील, किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल, आणि जांघेत दुखत असेल तर अजिबात अंगावर काढू नका. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होण्याचा आजार तसा सुरू होतो, सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो आणि एमआरआयमध्येच तो कळतो. पाळी थांबलेल्या बाईला पायावर भार दिला की जांघेत कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर नाही ना हे बघायलाच हवं, तोवर सायकलही बंद आणि उड्याही बंद. पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल, पडून राहिलं तरी रात्रभर ठणकत असेल, तर थेट डॉक्टर. आणि दोन्ही पायांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच तासाला हॉस्पिटल.

ताई, तुमच्या पत्रात यातलं काही नाही. या रविवारी टेप आणि पाना घेऊन पार्किंगमध्ये जा, सीट लावा आणि सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे कुणी हलवली तर कळेल. आठ आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. सीट किती सेंटिमीटरवर आहे, डाव्या कुशीवर सलग किती तास झोप लागते आणि जिना कठडा न धरता चढता येतो का, एवढं कळवलंत तरी चढ कधी सुरू करायचे ते मला सांगता येईल.